विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी

नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया इत्यादी जिल्ह्यांतील शाळांत एखादे मूल वारंवार गैरहजर राहते. आले तरी मलूल असते, हातपाय दुखतात म्हणून रडते. अशा मुलास आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकाने सिकलसेल या आनुवंशिक रोगाची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

निरोगी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचिक असून सुमारे १२० दिवस जगतात. या रोगात पेशींतील हीमोग्लोबिनची घडण जन्मतःच निराळी असते. प्राणवायू कमी पडला की पेशी ताठर होऊन विळ्यासारख्या वाकतात व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना उत्पन्न करतात. त्या १० ते २० दिवसांतच नाश पावत असल्याने पंडुरोग होतो व डोळे पिवळे दिसतात. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले.

हा रोग स्पर्शाने किंवा सहभोजनाने पसरत नाही. प्रत्येक अपत्यास या गुणाचे एक बीज मातेकडून व एक पित्याकडून मिळते. एकच बीज सदोष असल्यास अपत्य केवळ ‘वाहक’ होते व त्यास सहसा त्रास होत नाही. दोन्ही सदोष असल्यास रोग होतो. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन व दोषमुक्त असण्याचा चारांत एक असतो. एक मूल रोगी निघाले म्हणून पुढील तिघे सुरक्षित, हा समज चुकीचा होय. प्रत्येक वेळी संभव तोच राहतो. एकट्या मातेस दोष देणे तर सर्वथा अन्यायाचे आहे. विवाहापूर्वी वधूवरांनी रक्ततपासणी करून घ्यावी, ही गोष्ट पालकसभेत अवश्य सांगावी. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात अशी तपासणी हाती घेण्यात आली आहे.

वर्गात अशा मुलास वरचेवर पाणी पिऊ द्यावे. त्यास लघवीही वारंवार होते. परवानगी नाकारू नये. थंडी, भिजणे व अतिश्रम यांपासून त्यास जपावे. ताप, धाप, छातीतील वेदना किंवा हातापायांत लुळेपणा दिसताच विनाविलंब रुग्णालयात न्यावे. दुखणे ओसरल्यावर बुडालेले पाठ पुन्हा शिकवावेत; या रोगाने बुद्धी मंद असते असे मुळीच समजू नये.