स्वनिर्मित संख्यानियंत्रित मिलिंग यंत्रास हातचाकांची जोड

जळगावच्या डाळगिरण्या, प्लास्टिकच्या नळ्या व चटया यांचे कारखाने आणि धुळे जिल्ह्यातील जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने यांच्या आधाराने लहान यंत्रशाळांचा एक व्यवसाय उभा आहे. या यंत्रशाळांकडे येणारे दुरुस्तीचे काम बहुधा एकेकटे असते. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम भरात असताना एखाद्या यंत्राचा शाफ्ट मोडतो. नवा शाफ्ट लेथवर कातला जातो आणि त्यात चावी बसविण्यासाठी एक गाळा पाडून द्यावयाचा असतो. नेमका तसाच शाफ्ट पुन्हा कधी येईल याचा नेम नसतो. अशा कामासाठी आज्ञावली लिहीत बसणे कारागिराला मानवत नाही, आणि त्याचे म्हणणे रास्त आहे.

दुसरीकडे स्टेपर मोटर, बॉल-स्क्रू आणि विनामूल्य मिळणारी सॉफ्टवेअरे यांच्या साहाय्याने संख्यानियंत्रित, म्हणजेच सीएनसी, मिलिंग यंत्र स्वतः बांधणे आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्याही आवाक्यात आले आहे. जुने हाताने चालणारे यंत्र घ्यावयाचे, त्याची हातचाके काढावयाची आणि त्यांच्या जागी मोटरी बसवावयाच्या, ही त्यातील रूढ पद्धत होय. असे यंत्र वक्राकृती साचा उत्तम कातते. परंतु टेबल दोन मिलिमीटर सरकवावयाचे झाले तरी कळफलकाकडे वळावे लागते. अवघड काम सोपे झाले, पण सोपे काम अवघड होऊन बसले, अशी ही स्थिती आहे.

काढलेली हातचाके या यंत्रास परत कशी द्यावीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हाताचे नियंत्रण यंत्राला अवश्य द्यावे, परंतु ते नियंत्रकाच्या मार्गाने द्यावे. टेबलाच्या स्थानाची नोंद एकाच ठिकाणी राहिली पाहिजे, हे त्यातील मुख्य प्रतिपादन आहे.

पूर्वपीठिका

हाताचा आणि संख्येचा हा प्रश्न नवा नाही. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे साचे अचूक कातता यावेत म्हणून जॉन पार्सन्स यांनी आकड्यांवरून यंत्र चालविण्याची कल्पना मांडली. तिचा विकास अमेरिकी हवाईदलाच्या साहाय्याने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेत झाला आणि १९५२ मध्ये पहिल्या संख्यानियंत्रित मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविण्यात आले. त्याच्या काही वर्षे आधी, १९४६-४७ च्या सुमारास, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत एक निराळा मार्ग चोखाळला गेला होता. कुशल कारागिराने एकदा हाताने काम करावे, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदल्या जाव्यात आणि पुढे यंत्राने त्याच हालचाली पुन्हा कराव्यात, अशी ती पद्धत होती. ती मागे पडली. या निवडीमागे केवळ तांत्रिक कारणे नव्हती, तर कामावर हुकमत कारागिराची की कचेरीची हाही प्रश्न होता, असे डेव्हिड नोबल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले आहे. त्यांचे मत सर्वांशी मान्य असो वा नसो, यंत्राचा नियंत्रक बांधताना आपण त्या यंत्रापुढे कोणी उभे राहावे हेही ठरवीत असतो, एवढे खरे.

स्क्रूवर थेट बसविलेले हातचाक

सर्वांत सोपा उपाय म्हणजे दोन्ही टोकांस दांडा असलेली स्टेपर मोटर घेऊन तिच्या मागील दांड्यावर हातचाक बसविणे. खर्च अल्प, आणि कटरचा जोर तळहाताला थेट जाणवतो, हे त्याचे गुण होत. परंतु त्यात चार दोष आहेत.

पहिला दोष असा की, मोटरीस वीजपुरवठा चालू असताना ती दांडा जागच्या जागी धरून ठेवते. हाताने त्याहून अधिक जोर केला तर द्विकला स्टेपर मोटर चार पूर्ण पावलांची उडी घेते. एका फेऱ्यात २०० पावले आणि स्क्रूचा अग्रगम ५ मिलिमीटर धरला, तर एक पाऊल ०.०२५ मिलिमीटरचे व अशी एक उडी ०.१ मिलिमीटरची होते. नियंत्रकाला मात्र तिचा पत्ताही लागत नाही.

दुसरा दोष पहिल्यातूनच निघतो. वीज बंद करून चाक फिरविल्यास टेबल सरकते, परंतु नियंत्रकाच्या नोंदीत जुनाच आकडा राहतो. पेढीवरील रोकड खतावणीत न मांडता उचलावी, तसा हा प्रकार आहे. त्यानंतर आज्ञावली चालविली तर कटर वाइसमध्येही शिरू शकतो.

तिसरा दोष विद्युतविषयक आहे. हाताने वेगाने फिरविलेली मोटर जनित्राप्रमाणे वागते आणि तिने निर्माण केलेला दाब चालकमंडलापर्यंत पोचून त्यास इजा करू शकतो.

चौथा दोष सुरक्षिततेचा आहे. टेबल मिनिटाला १२०० मिलिमीटर वेगाने धावू लागले, तर ५ मिलिमीटर अग्रगमाचा स्क्रू मिनिटाला २४० फेरे घेतो. त्याबरोबर हातचाकाची मूठही तितक्याच वेगाने फिरते. ती बोटांवर बसते किंवा सदऱ्याची बाही ओढून घेते. असे चाक ठेवावयाचेच असेल, तर त्याची मूठ आत मिटणारी असावी, आणि ती मिटल्यावाचून मोटरीस वीज मिळू नये अशी कळ जोडावी.

याखेरीज उभ्या अक्षाविषयी एक सूचना आवश्यक आहे. साधा स्क्रू भाराखाली सहसा स्वतः फिरत नाही, बॉल-स्क्रू फिरतो. म्हणून वीज तुटताच स्पिंडलचे डोके आपल्या वजनाने खाली येण्याचा संभव असतो. त्यासाठी प्रतिभार किंवा ब्रेक हवा.

स्पंदचाक

दुसरा मार्ग असा की, हातचाक स्क्रूला मुळीच न जोडता ते नियंत्रकाला जोडावयाचे. हे चाक फिरविले की विजेचे स्पंद निघतात. नियंत्रक ते मोजतो आणि मोटरीला तितकी पावले टाकण्याची आज्ञा देतो. बाजारात मिळणाऱ्या अशा चाकाच्या एका फेऱ्यात बहुधा १०० खटके असतात आणि प्रत्येक खटका बोटांना स्पष्ट जाणवतो.

दिशा ओळखण्यासाठी चाकातून दोन तारा निघतात व त्यांवरील स्पंदांत पाव आवर्तनाचे अंतर असते. चाक एका दिशेने एक खटका फिरले की दोन तारांवरील अवस्था ००, १०, ११, ०१ या क्रमाने बदलून पुन्हा ०० वर येते. उलट फिरविल्यास क्रम ००, ०१, ११, १० असा होतो. म्हणजे एका खटक्यात चार बदल व एका फेऱ्यात ४०० बदल होतात. नियंत्रक हे चारही बदल मोजीत असेल, तर मोजणीस चाराने भागावयास विसरू नये. अन्यथा टेबल अपेक्षेच्या चौपट सरकेल. या रचनेचा आणखी एक लाभ आहे. स्वस्त चाकातील धातूचा संपर्क थरथरला, तर तीच कडा पुढे व मागे अशी दोनदा मोजली जाते आणि बेरीज शून्यच राहते.

स्पिंडलच्या मोटरीचा वेग बदलणारे मंडल विद्युतगोंगाट फार करते. म्हणून स्पंदचाकाची केबल कवचयुक्त असावी, कवच एकाच टोकास भूमीला जोडावे, आणि शक्य तर प्रत्येक स्पंदाबरोबर त्याचा व्यस्त स्पंदही पाठविणारे चाक निवडावे.

पट आणि मर्यादा

स्पंदचाकाबरोबर दोन निवडकळा लागतात. एक अक्ष निवडते, दुसरी पट. पट १, १० व १०० असे असून त्यांत एका खटक्याला अनुक्रमे ०.००१, ०.०१ व ०.१ मिलिमीटर सरक अभिप्रेत असते. यांपैकी पहिला पट स्वनिर्मित यंत्रावर फसवा ठरतो. २०० पावलांच्या मोटरीचे प्रत्येक पाऊल आठ भागांत विभागले, तर एका फेऱ्यात १६०० सूक्ष्म पावले होतात आणि ५ मिलिमीटर अग्रगमाच्या स्क्रूवर एक सूक्ष्म पाऊल ०.००३१२५ मिलिमीटरचे होते. अर्थात् तीनचार खटके फिरविल्यावर कोठे एक पाऊल पडते. आकडा हलतो, टेबल हलत नाही. अशा यंत्रावर ०.०१ हाच लघुतम पट ठेवणे प्रामाणिकपणाचे होय.

मोठ्या पटात निराळी अडचण येते. यंत्राचा कमाल वेग सेकंदाला २० मिलिमीटर आहे आणि कारागिराने १०० च्या पटात चाक सेकंदाला तीन फेरे या गतीने दोन सेकंद फिरविले असे समजू. मागणी ६० मिलिमीटरची झाली. टेबल तेवढ्या वेळात ४० मिलिमीटरच गेले. नियंत्रक खटक्यांचा हिशेब पुरा करीत असेल, तर हात थांबल्यावरही टेबल आणखी २० मिलिमीटर पुढे जाईल. यास स्थानानुसारी पद्धत म्हणता येईल. उलट वेगानुसारी पद्धतीत जादा खटके टाकून दिले जातात आणि हात थांबताच टेबल थांबते. मात्र खटके आणि अंतर यांचा मेळ राहत नाही. लहान पटात स्थानानुसारी व १०० च्या पटात वेगानुसारी पद्धत योजावी, हे श्रेयस्कर. लिनक्स-सीएनसी या नियंत्रकात ही निवड करता येते. ग्रब्लसारख्या लहान नियंत्रकाला हालचालीच्या आज्ञा एकामागून एक पाठवाव्या लागतात; तेथे हात थांबताच साठलेल्या आज्ञा रद्द करण्याची सोय १.१ या आवृत्तीत आहे, आणि ती अवश्य वापरावी.

आणीबाणीचा थांबा

वरील सर्व मंडले सॉफ्टवेअरच्या आधीन आहेत. आणीबाणीचा थांबा मात्र त्याच्या आधीन कदापि ठेवू नये. पिवळ्या पार्श्वभूमीवरील लाल, छत्रीच्या आकाराचे व दाबल्यावर अडकून राहणारे बटन स्पिंडल व मोटरी यांच्या कॉन्टॅक्टरच्या मंडलात थेट बसवावे. त्याचा संपर्क एरवी जुळलेला असावा, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबेल. बटन सोडविल्यावर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये.

आपल्या भागातील दोन गोष्टी येथे ध्यानात घ्यावयास हव्यात. खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या वर जाते. बंद पेटीतील चालकमंडलांस हवा खेळती न ठेवल्यास ती तापून कामाच्या मध्येच बंद पडतात. दुसरे असे की, वीज गेली की प्रतिपुष्टी नसलेल्या स्टेपर यंत्राच्या नोंदीवर विश्वास ठेवता येत नाही. वीज परत आल्यावर प्रत्येक अक्ष प्रथम आरंभस्थानी नेणे हा नियमच करावा.

हाताची जाणीव

स्पंदचाकाने एक गोष्ट मात्र परत मिळत नाही. जुन्या यंत्रावर कटर बोथट झाला, लोखंडात कठीण गाठ लागली, की ती वार्ता स्क्रूमधून तळहातापर्यंत येत असे. स्पंदचाक हवेत फिरताना जितके हलके लागते तितकेच पोलाद कापताना लागते. ही उणीव काही अंशी भरून काढता येते. स्पिंडलच्या मोटरीचा प्रवाह दाखविणारा मापक कारागिराच्या नजरेसमोर ठेवावा; कटरच्या आवाजाकडे त्याचे लक्ष असतेच. शिवाय सरक कमी-अधिक करणारी एक गोल कळ आणि सरक तात्काळ थोपविणारे एक बटन द्यावे. त्यामुळे आज्ञावली चालू असतानाही कारागिराचा हात कामात राहतो.

एक उदाहरण

आरंभी उल्लेखिलेल्या शाफ्टचा व्यास ३० मिलिमीटर आहे असे समजू. त्यास प्रमाणित चावी ८ मिलिमीटर रुंद व ७ मिलिमीटर उंच लागते, आणि शाफ्टमधील गाळ्याची खोली ४ मिलिमीटर असते. शाफ्ट टेबलाच्या लांबीत बसवून ८ मिलिमीटरचा कटर, त्याचे टोक शाफ्टच्या मध्यरेषेखाली ठेवून, पुढील बाजूने शाफ्टकडे न्यावा. स्पिंडल बंद असावे. मध्ये कागदाचा कपटा धरून १० च्या पटात चाक फिरवावे. स्पिंडल हाताने फिरवीत राहिल्यास कटरच्या दात्याने कागद पकडल्याचे लगेच कळते. तेथे आकडा शून्य करावा. शाफ्टची त्रिज्या १५, कटरची ४ आणि कागदाची जाडी, ती मोजून घ्यावी, ०.१, म्हणजे एकूण १९.१ मिलिमीटर. कटर वर उचलून त्याच दिशेने तितके अंतर गेले की तो शाफ्टच्या मध्यावर येतो. त्याच दिशेने जाण्याचे कारण असे की, स्क्रू व नट यांतील ढिलाई त्यामुळे मापात शिरत नाही.

आता शाफ्टच्या माथ्यावर पुन्हा कागद धरून उभ्या अक्षाचे शून्य ठरवावे, कागदाची जाडी वजा करावी, आणि दर खेपेस अर्धा मिलिमीटर खोली घ्यावी. १० च्या पटात ती ५० खटक्यांची, म्हणजे चाकाच्या अर्ध्या फेऱ्याची होते. अशा आठ खेपा लागतात. गाळा ४० मिलिमीटर लांब असेल, तर कटरला ३२ मिलिमीटर प्रवास करावा लागतो. १० च्या पटात तो हाताने केल्यास दर खेपेस ३२ व एकंदर २५६ फेरे होतील. हे श्रम व्यर्थ होत. तेवढ्यापुरती मिनिटाला ६० मिलिमीटर सरकेची एक ओळीची आज्ञा द्यावी आणि गोल कळ हाताशी ठेवावी. जागा ठरविणे व खोली घेणे हाताने, लांब सरक यंत्राने, ही वाटणी अशा रीतीने कामातूनच निष्पन्न होते.

समारोप

स्क्रूवरील थेट हातचाक त्याज्यच आहे असे नाही. ज्या यंत्रावर टेबलाचे खरे स्थान मोजणारी स्वतंत्र मापनपट्टी बसविलेली असते आणि नियंत्रक तीच वाचतो, तेथे नोंद बिघडण्याची भीती उरत नाही. परंतु अशी पट्टी नसताना स्पंदचाक हाच निर्धोक मार्ग होय.

यंत्र बांधणारा विद्यार्थी आणि वीस वर्षे मिलिंग यंत्रापुढे उभा राहिलेला कारागीर हे सामान्यतः एक नसतात. ज्या यंत्रास फक्त कळफलक आहे, त्यापुढे दुसऱ्याला जागा राहत नाही. आणि कोणत्या कामाला किती खोली घ्यावी, आवाज बदलला की काय समजावे, हे ज्ञान तर त्याच्याचपाशी असते. एक चाक, दोन निवडकळा, एक गोल कळ आणि एक लाल बटन एवढ्या सामग्रीने त्यास ती जागा परत देता येते. विभागात यंत्र बांधू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही सामग्री शेवटी जोडावयाची शोभा न मानता, पहिल्या आराखड्यातच तिची योजना करावी.