गाडी एकच, मग जिंकतो कोण?

बैलगाडा शर्यत संपली की गुलाल बैलांच्या पाठीवर पडतो. मोटारींच्या शर्यतीत मात्र हार पडतो तो चालकाच्या गळ्यात. वास्तविक तिथंही धावते ती गाडीच. मग जिंकलं कोण, माणूस की यंत्र? हा वाद मोटार शर्यतींइतकाच जुना आहे.

फॉर्म्युला वनमध्ये याचं उत्तर मिळणं अवघड. तिथं प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः बांधतो. गाडी चांगली निघाली तर बेताचा चालकही पुढे राहतो आणि ती वाईट निघाली तर भला भला माणूस मागे पडतो. यावर उपाय एकच. सगळ्यांना एकाच बनावटीची, एकाच मॉडेलची गाडी द्यायची आणि मग म्हणायचं, आता पळवा! अशा शर्यती पुष्कळ झाल्या, आजही होतात. पण जगातल्या नामवंत चालकांना असं एका पातळीवर आणण्याचा गाजलेला प्रयोग झाला तो १९७९ साली, युरोपात. त्याचं नाव 'प्रोकार'.

हा प्रयोग जन्मला अडचणीतून. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीनं 'एम-१' ही स्पोर्ट्स कार तयार करायला घेतली होती. आखणी इटलीच्या जुजारो यांची आणि बांधणीचं काम लँबोर्गिनीकडे. पण लँबोर्गिनी पैशाच्या अडचणीत सापडली आणि काम रखडलं. नियम असा होता, की ठरावीक मुदतीत अशा ४०० गाड्या तयार झाल्याशिवाय त्या गटाच्या शर्यतीत उतरता येणार नाही. म्हणजे शर्यतीसाठी बनवलेली गाडी, आणि तिला शर्यतच नाही! तेव्हा कंपनीच्या क्रीडा विभागाचे प्रमुख योखेन नेअरपाश यांनी वेगळी वाट काढली. फक्त एम-१ गाड्यांचीच स्पर्धा भरवायची, आणि तीही फॉर्म्युला वनच्या युरोपातल्या शर्यतींच्या जोडीनं, त्याच मैदानावर.

नियम मोठा गमतीचा होता. शुक्रवारच्या सरावात फॉर्म्युला वनचे जे पाच चालक सर्वांत वेगवान ठरतील, त्यांना कंपनीच्या पाच गाड्या मिळायच्या आणि सुरुवातीच्या रांगेत पहिल्या पाच जागाही. त्यांच्या मागे इतर संघांच्या आणि हौशी मालकांच्या एम-१ गाड्या. इंजिन साडेतीन लिटरचं, सहा सिलिंडरचं. रस्त्यावरच्या एम-१ची ताकद २७७ अश्वशक्ती, तर शर्यतीच्या गाडीची सुमारे ४७०.

त्या हंगामात आठ शर्यती झाल्या. बेल्जियममधल्या झोल्डरला पहिली शर्यत एलिओ दे आंजेलिसनं जिंकली. मोनॅको, सिल्व्हरस्टोन आणि हॉकेनहाइम इथं बाजी मारली ऑस्ट्रियाच्या नीकी लाउडानं. दिझॉंला नेल्सन पिके, ऑस्ट्रियात झाक लाफित, आणि शेवटच्या दोन, झांडफोर्ट व मोंझाच्या, हान्स श्टुकच्या नावावर. अजिंक्यपद लाउडाचं.

आता याच माणसाचा त्याच वर्षीचा फॉर्म्युला वनमधला हिशेब बघा. अख्ख्या हंगामात गुण मिळाले चार! त्याची ब्रॅबम गाडी शर्यतीमागून शर्यत अर्ध्यावर बंद पडत होती. १९७६ मध्ये न्यूर्बुर्गरिंगच्या आगीत होरपळूनही जो सहा आठवड्यांत शर्यतीला परतला, १९७५ आणि १९७७ मध्ये जगज्जेता ठरला, तो नुसता तक्ता पाहिला तर संपलेला वाटावा. सगळ्यांसारखीच गाडी हाती आली तेव्हा कळलं, की संपली होती ती गाडी, माणूस नव्हे.

पण म्हणून ही परीक्षा अगदी चोख होती का? तसंही नाही. टायर गुडइयरचे होते. त्यामुळे मिशेलिन टायर वापरणारे फेरारी आणि रेनॉचे चालक यात नव्हते. म्हणजे त्या वर्षीचा फॉर्म्युला वनचा जगज्जेता, फेरारीचा जोडी शेक्टर, परीक्षेला बसलाच नाही. पुढच्या पाच जागा बक्षिसासारख्या वाटलेल्या. शिवाय गाडी एकच असली तरी तिची निगा राखणारे हात वेगवेगळे. सारख्या गाड्या दिल्या म्हणजे सगळं सारखं होतं असं नाही. हरल्यावर सांगायची सबब मात्र बरीच लहान होते.

प्रोकार दोनच वर्षं चालली. १९८० मध्ये पिके जिंकला आणि मग स्पर्धा बंद पडली. कल्पना मात्र टिकली. १९९३ पासून फॉर्म्युला वनच्या जोडीनं पोर्शे गाड्यांची सुपरकप स्पर्धा होते, ती याच वळणाची.

आणि लाउडा? सप्टेंबर १९७९ मध्ये कॅनडात सराव अर्धवट सोडून त्यानं निवृत्ती घेतली. पण प्रोकारमध्ये त्याची गाडी ज्यांच्या संघानं उतरवली होती ते रॉन डेनिस पुढे मॅक्लारेनचे सूत्रधार झाले, आणि १९८२ मध्ये लाउडा मॅक्लारेनमधूनच परतला. १९८४ मध्ये त्याची गाठ पडली आपल्याच संघातल्या अलँ प्रोस्तशी. गाडी पुन्हा एकच! प्रोस्तनं सात शर्यती जिंकल्या, लाउडानं पाच. तरी जगज्जेता ठरला लाउडा, अवघ्या अर्ध्या गुणानं.

सारख्या गाडीत वेग जास्त कुणाचा हे एका दिवसात कळतं. गाडी जपून, गुण साठवत शेवटपर्यंत कोण नेतो, हे कळायला अख्खा हंगाम लागतो.