पगाराआधीच ठरलेला खर्च

आपल्या आई-वडिलांच्या काळात घरचा मोठा खर्च वर्षातून तीन-चार वेळाच यायचा आणि तो येणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत असायचं. ईदचे कपडे, जूनमधल्या वह्या-पुस्तकं, पावसाळ्याआधी भरायचं धान्य, नाहीतर एखादं लग्न. कोकणातल्या कित्येक घरांत मुंबईहून मनीऑर्डर आली की आधी किराणावाल्याची वही मिटायची, मग बाकीचं. एकाच ताग्यातून चार भावंडांचे कपडे शिवले जात. पैसा थोडा होता, पण तो कुठे गेला हे अम्मीला तोंडपाठ असे.

तो काळ सुखाचा होता असं मात्र मी म्हणणार नाही. सावकार तेव्हाही होता आणि तंगी आली की मुलीची शाळा आधी सुटायची.

सरकारच्या कुटुंब-खर्च पाहणीनुसार 1999-2000 मध्ये ग्रामीण घराच्या शंभर रुपयांतले 59 खाण्यापिण्यावर जात, 2022-23 मध्ये 46. शहरात हाच आकडा 48 वरून 39 वर आला. म्हणजे पोट भरल्यावर हाती जास्त उरू लागलं. मग ओढाताण का?

कारण खर्चाचे तुकडे झाले. मोबाइलचं रिचार्ज 28 दिवसांचं असतं, म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा. घरात चार फोन असतील तर बावन्न. त्यात वायफाय, टीव्हीचं पॅकेज, व्हॅनचे पैसे, फ्रिजचा हप्ता. एकेक रक्कम किरकोळ वाटते. बेरीज कोणी करत नाही. शिवाय अब्बांच्या खात्यातून एक कापलं जातं, मुलाच्या फोनवरून दुसरं. घर चालवणाऱ्या बाईला पूर्ण चित्र दिसतच नाही.

‘नो कॉस्ट’ हप्त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात सूद नाही असं समजून आपल्यातले बरेच जण निश्चिंत असतात. समजा, 18,000 रुपयांचा फोन क्रेडिट कार्डावर 3,000 च्या सहा हप्त्यांत घेतला. बँकेचा दर वर्षाला 15 टक्के असेल, तर ती सुमारे 760 रुपये व्याज लावतेच. दुकानदार तेवढी सूट देतो, म्हणून ते आपल्याला दिसत नाही. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, जवळपास 137 रुपये, आपणच भरतो. प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. शरई हुकूम आलिमांना विचारावा. मी फक्त हिशोब मांडते आहे.

शाळेत याचा शेवट दिसतो. हप्ता चुकला की दंड लागतो, वसुलीचे फोन सुरू होतात. शाळेची फी थकली तर शाळा दोन महिने थांबते. साहजिकच थांबवली जाते ती फी. दहावीच्या वर्षी क्लास बंद होतो, आणि बहुतेकदा तो मुलीचा. (मुलाची बाइक विकल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.)

बजेटच्या मोठ्या तक्त्यांची गरज नाही. एक साधी वही घ्या. दरमहा आपोआप कापली जाणारी प्रत्येक रक्कम, मग ती कोणाच्याही खात्यातली असो, तिच्यात लिहा. हप्ता बाराने गुणा, रिचार्ज तेराने. वर्षाची बेरीज झाली की घरातल्या सगळ्यांना, मुलांनासुद्धा, ती वही वाचायला द्या. जूनच्या फीची रक्कम तिच्याच खाली लिहा.