कारखान्याचे वळण

नॉर्वे हा युरोपातला एक थंड देश आहे. तेथे नॉर्स्क हायड्रो नावाची मोठी कंपनी आहे. ती ॲल्युमिनियम तयार करते. खेड्यात आपण ज्याला जर्मनची भांडी म्हणतो, ती याच धातूची. हा धातू भट्टीत वितळवतात. तेथे कामात चूक झाली, तर जिवाशीच गाठ!

१९ मार्च २०१९ रोजी या कंपनीचे हजारो कॉम्प्युटर बंद पडले. चाळीस देशांत तिची कामे चालत. सगळीकडे गोंधळ उडाला. हे काम चोरांचे होते. पण ते भिंत फोडून आले नव्हते. काही महिने आधी एका ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून कॉम्प्युटरवर पत्र आले होते. एका कामगाराने ते उघडले. त्या पत्रातून चोर आत शिरले. पुढे त्यांनी सगळ्या कामाला जणू कुलूप घातले. "पैसे द्या, मग किल्ली देऊ," म्हणाले.

कंपनीने पैसे दिले नाहीत. गोष्ट झाकूनही ठेवली नाही. त्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकली. दारांवर कागद चिकटवले, की कॉम्प्युटर जोडू नका. कामगारांनी कागद-पेन्सिल घेतली आणि हाताने काम चालवले. नोकरीतून निवृत्त झालेले जुने लोकही मदतीला आले. नुकसान फार झाले. पण चोरांच्या हाती पैसा लागला नाही.

आता तुम्हीच सांगा, पत्र उघडणारा माणूस वाईट होता काय? ओळखीचे पत्र कोणीही उघडील. म्हणून सगळ्या कारखान्याचे वळण चांगले पाहिजे.

एखाद्या ठिकाणी साहेब म्हणतो, "आधी माल काढा, बाकीचे मागाहून बघू." तेथे कामगार घाईत एकमेकांना पासवर्ड सांगतात. पासवर्ड म्हणजे कॉम्प्युटर उघडण्याचा गुप्त शब्द. काही चुकले, तर पगार कापतील म्हणून गप्प बसतात. चोराला तेवढा वेळ पुरतो.

दुसऱ्या ठिकाणी मुकादम स्वतः नियम पाळतो. कामगार म्हणतो, "दादा, भलतेच पत्र उघडले गेले." मुकादम म्हणतो, "बरे झाले, लगेच सांगितलेस." मग तो एकच कॉम्प्युटर बाजूला काढता येतो. बाकीचे वाचण्याची आशा असते.

वळणाचे पाणी वळणाला जाते. तुमची मुले कारखान्यात असतील, तर त्यांना सांगा. पासवर्ड कोणाला देऊ नये. चूक झाली, तर त्याच घटकेला सांगावी. आणि मुकादम असाल, तर सांगणाऱ्यावर रागावू नका.