बाणाचा टेकू : कंपाउंड धनुष्यासाठी ॲरो रेस्ट कसा निवडावा?

मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्तात तथागतांनी विषारी बाण लागलेल्या एका माणसाचा दाखला दिला आहे. हा माणूस वैद्याला बाण काढू देत नाही. धनुष्य कोणत्या प्रकारचे होते, दोरी कशाची होती, पिसे कोणत्या पक्ष्याची होती, हे आधी कळले पाहिजे, असा त्याचा हट्ट असतो. ती उत्तरे मिळेपर्यंत त्याचे आयुष्यच संपेल, असे तथागत सांगतात. धनुर्विद्येचे साहित्य घेण्याची चर्चा निघाली की आम्हांला हा दाखला आठवतो. कंपनी कोणती, किंमत किती, अमुक विजेता काय वापरतो, हे प्रश्न आपण भराभर विचारतो. ही वस्तू आपल्या मुलाच्या बाणाचे नेमके काय करते, हा कामाचा प्रश्न मात्र मागे राहतो. कंपाउंड धनुष्यावरील ‘ॲरो रेस्ट’ या लहानशा भागाविषयी तो प्रश्न विचारावा, म्हणून हा लेख.

कळसाडीच्या परिसरातील पालकांना धनुष्य नवे नाही. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा घरांत तीरकामठा पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या धनुष्यावर बाण टेकतो तो धनुष्य धरलेल्या हातावरच. हात हाच टेकू, आणि त्याचा अंदाज लहानपणापासून अंगात मुरलेला. कंपाउंड धनुष्यात मात्र बाण हाताच्या वर, राइझरच्या कोरलेल्या मोकळ्या जागेत अधांतरी राहतो. त्याला तेथे पेलून धरणारा धातूचा भाग म्हणजे ॲरो रेस्ट. हाताचे जुने काम येथे यंत्राकडे गेले आहे. म्हणून ते यंत्र नीट नसेल, तर चांगला हातही वाईट ठरतो.

हे किती नाजूक आहे, ते साध्या भूमितीने कळते. रेस्टपासून दोरीपर्यंत बाणाचे अंतर सुमारे 70 सेंटिमीटर धरू. रेस्ट एक मिलिमीटर सरकला, तर 50 मीटरवर दिशा सुमारे 7 सेंटिमीटरने बदलते. कंपाउंडच्या स्पर्धेत 50 मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 8 सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत अवघे 4 सेंटिमीटर असतात. चूक नेहमी तेवढीच राहिली, तर साईट फिरवून ती भरून काढता येते. पण ढिल्या स्क्रूमुळे दर बाणाला वेगळी होणारी चूक कोणत्याही साईटने भरून निघत नाही. अशा वेळी प्रशिक्षक मुलाला ‘हात हलतो’ म्हणतो, मूल ते खरे मानते आणि स्वतःवरचा विश्वास गमावून बसते. रेस्टची निवड आम्हांला महत्त्वाची वाटते ती यासाठी.

रेस्ट निवडण्यापूर्वी बाण कसा सुटतो, हे समजून घ्यावे. रिकर्व्ह धनुष्याची दोरी बोटांनी सोडतात. दोरी बोटांवरून घसरताना किंचित बाजूला ढकलली जाते आणि बाण आडवा वाकत पुढे जातो. म्हणून तेथे बाणाच्या बाजूला स्प्रिंगचे बटण असते. कंपाउंडची दोरी ‘रिलीज’ नावाच्या यांत्रिक चापाने सुटते. बाजूचा धक्का फारसा नसल्याने बाण मुख्यतः वर-खाली वाकतो. त्यामुळे त्याला खालून आधार हवा. रिकर्व्हचा स्वस्त रेस्ट कंपाउंडवर लावून काम भागवू नये, याचे कारण हेच.

कंपाउंडसाठी प्रामुख्याने तीन प्रकारचे रेस्ट मिळतात.

पहिला ब्रशचा. एका कड्यात ताठ केसांचा ब्रश बसवलेला असतो आणि बाण त्याच्या मधोमध राहतो. धनुष्य तिरके झाले, हात थरथरला, तरी बाण पडत नाही. त्यात हलणारा भाग नाही. मात्र बाणाची पिसे प्रत्येक वेळी ब्रशला घासत जातात, म्हणून ती झिजतात. ब्रशही कालांतराने दबतो आणि बदलावा लागतो.

दुसरा पात्याचा. स्प्रिंग-स्टीलचे पातळ पाते, त्याच्या टोकाला खाच आणि खाचेत बाण. बाण सुटताना पाते किंचित खाली दबते. तीन पिसांपैकी एक वर ठेवले, म्हणजे उरलेल्या दोहोंमधून पाते मोकळे राहते. पाती साधारणतः 0.20, 0.25 आणि 0.30 मिलिमीटर जाडीची मिळतात. हलक्या बाणाला पातळ, जड बाणाला जाड. रचना साधी असल्याने लक्ष्यवेधाच्या स्पर्धांत हा प्रकार पुष्कळ दिसतो. ओढताना हात डगमगला तर बाण पात्यावरून घसरतो, एवढी त्याची अडचण आहे.

तिसरा खाली पडणारा, म्हणजे ‘ड्रॉप-अवे’. तो एका बारीक दोरीने धनुष्याच्या केबलला किंवा पात्याला (लिंबला) जोडलेला असतो. धनुष्य ओढले की रेस्ट वर राहून बाण पेलतो. बाण सुटला की पिसे येण्यापूर्वी खाली जातो. पिसांना स्पर्श होतच नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्याच्या पडण्याची वेळ त्या दोरीवर अवलंबून असते. दोरी ताणली किंवा गाठ सरकली, तर ती वेळ चुकते आणि रेस्ट पिसाला लागू शकतो.

आता निवासी शाळेचा विचार करू. येथे एकच धनुष्य अनेक मुले वापरतात. मुलांच्या हातांची लांबी वेगळी, म्हणून धनुष्याची ओढ वारंवार बदलावी लागते. केबलला बांधलेल्या ड्रॉप-अवेची वेळ अशा प्रत्येक बदलानंतर पुन्हा तपासावी लागते. रोज तपासणारा जाणकार नसेल, तेथे हा महागडा रेस्ट दुःखाचेच कारण होतो. म्हणून आमचे मत असे : शिकाऊ मुलांसाठी ब्रशचा रेस्ट घ्यावा, ज्यांचा हात स्थिर झाला आहे आणि जी स्पर्धेला उतरणार आहेत, त्यांच्यासाठी पात्याचा, ड्रॉप-अवे त्यानंतर, स्वतःचे धनुष्य असलेल्या धनुर्धराने.

खरेदीच्या वेळी चार गोष्टी पाहाव्यात. रेस्ट उजव्या हाताचा की डावखुऱ्याचा, हे विचारावे. डावखुरी मुले आपल्या वर्गातही असतात. तो आपल्या राइझरच्या आट्यांच्या छिद्रात बसतो का, हे पाहावे; काही नवे रेस्ट नव्या धनुष्यांच्या खास खाचेतच बसतात. वर-खाली आणि डावी-उजवीकडे करण्याचे स्क्रू वेगळे असावेत व त्यांवर खुणा असाव्यात. स्पर्धेच्या नियमांत रेस्ट विद्युत वा इलेक्ट्रॉनिक चालत नाही आणि त्याचा आधारबिंदू मुठीच्या खोल भागापासून 6 सेंटिमीटरपेक्षा मागे चालत नाही, हेही लक्षात ठेवावे.

रेस्ट बसवल्यावर बाण राइझरच्या छिद्राच्या मध्यासमोर, दोरीशी काटकोनात आणि राइझरपासून सुमारे 20 मिलिमीटरवर ठेवून सुरुवात करावी. पिसांवर टाल्कम पावडर शिंपडून बाण सोडावा. पावडर कोठे पुसली गेली, यावरून स्पर्श कळतो. मग दोनेक मीटरवरून चौकटीत ताणलेल्या कागदातून बाण मारावा. छिद्र गोल आणि पिसांच्या खुणा सारख्या आल्या, तर बाण सरळ जातो आहे. कागद एका बाजूला फाटला, तर रेस्ट थोडाथोडा हलवून पुन्हा पाहावे. स्थान निश्चित झाले की तेथे खूण करावी. रोज सरावापूर्वी स्क्रू आणि पात्यावरील चीर तपासावी. आणि बाण न लावता धनुष्य ओढून कधीही सोडू नये.

5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिन येथे साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी आणि नागपूरचा ओजस देवतळे, असे दोघे कंपाउंडचे जगज्जेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण मिळवले. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या मार्गदर्शनाखाली सराव करीत होते. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही होणार आहे. ही वाट आता महाराष्ट्रातल्या मुलांसाठी दूरची राहिलेली नाही.

शाळेला काही द्यावे, असे ज्या माजी विद्यार्थ्यांच्या मनात येते, त्यांना आमची विनंती एवढीच : एका महागड्या रेस्टऐवजी दोन साधे रेस्ट, चार जादा पाती, एक डावखुरा रेस्ट आणि ॲलन चाव्यांचा एक संच द्यावा. पालकांनाही एक सांगणे आहे. मुलाचा बाण भरकटला, तर त्याला रागावण्यापूर्वी टेकू तपासला का, एवढे विचारावे. बाणाला टेकू लागतो, तसा तो सोडणाऱ्या मुलालाही लागतो.