पालाशाची उणीव आणि हृदयाचा ताल

शेतकरीवर्गास नत्र, स्फुरद आणि पालाश ही त्रयी परिचित आहे. यांपैकी पालाश म्हणजेच पोटॅशियम. ‘म्युरेट ऑफ पोटॅश’ या नावाने गोणीतून जे खत मिळते ते रासायनिक दृष्ट्या पोटॅशियम क्लोराइड होय; आणि रक्तातील पोटॅशियम घटलेल्या रुग्णास डॉक्टर जे पातळ औषध पाण्यात मिसळून घ्यावयास सांगतात, त्यातील मुख्य द्रव्यही तेच असते. गोणीतील खत हे औषध नव्हे, हे निराळे सांगावयास नको. परंतु जे द्रव्य पिकाच्या वाढीस लागते तेच माणसाच्या हृदयाचा ठोका तालात ठेवते, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांस ठाऊक असते.

प्रौढ माणसाच्या शरीरात पोटॅशियमचा साठा साधारणपणे सव्वाशे ते दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो. त्यातील सुमारे ९८ टक्के भाग पेशींच्या आत, विशेषतः स्नायूंमध्ये असतो. रक्तासह पेशींबाहेरील सर्व द्रवांत मिळून असतो तो केवळ दोन टक्क्यांच्या आतबाहेर. रक्तद्रवात दर लिटरमागे ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट हे प्रमाण निरोगी समजले जाते. पेशीच्या आत मात्र ते १४० च्या घरात असते. आतील आणि बाहेरील प्रमाणातील या प्रचंड तफावतीमुळेच पेशीच्या पडद्यावर सूक्ष्म विद्युत्‌दाब निर्माण होतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हा दाब क्षणभर उलटतो व पुन्हा पूर्ववत होतो. रक्तातील पोटॅशियम घटले की हे पूर्ववत होणे लांबते, पेशी अस्थिर राहते आणि वेळेपूर्वीच नवा ठोका पडतो. रुग्णास ‘ठोका चुकला’, ‘छातीत धडधडले’ असे वाटते ते यामुळे. उणीव तीव्र असेल, किंवा हृदय मुळातच दुबळे असेल, तर अशा अवेळी ठोक्यांची मालिकाच सुरू होऊन माणूस बेशुद्ध पडतो. प्रसंगी प्राणासही मुकतो.

हॉलंडचे शास्त्रज्ञ विलेम आइन्थोव्हन यांना ज्या शोधाबद्दल १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तो कार्डिओग्राम येथे फार उपयोगी पडतो. पोटॅशियम कमी झाले की कार्डिओग्रामच्या रेषेतील ‘टी’ हा उंचवटा सपाट होत जातो आणि त्याच्यामागे ‘यू’ नावाचा दुसरा लहान उंचवटा उमटतो. रक्ताचा अहवाल हाती येण्यास वेळ लागत असेल तेथे ही रेषाच डॉक्टरांस प्रथम सावध करते.

बडोदे शहरात आणि भोवतालच्या डभोई, पादरा, सावली, कर्जन या तालुक्यांत नवरात्रीच्या नऊ रात्री गरबा रंगतो. गायकवाडी अमलापासून तेथे वसलेली मराठी कुटुंबेही त्यात मागे नसतात. अशा एखाद्या रात्री घटकान् घटका नाचून आलेला तरुण मध्यरात्रीनंतर जिलेबी वा अन्य गोडधोड पोटभर खातो, निजतो, आणि पहाटे उठू लागतो तो पाय उचलत नाहीत. मांड्या लुळ्या पडलेल्या, हातांत त्राण नाही. शुद्ध मात्र पूर्ण, बोलणे स्पष्ट. घरची मंडळी घाबरतात. कोणी अर्धांगवायू म्हणतो, कोणी बाहेरची बाधा म्हणून अंगारा आणावयास धावतो. वास्तविक हा पोटॅशियमचाच खेळ असू शकतो. गोड व पिष्टमय आहारानंतर रक्तात इन्सुलिन वाढते आणि ते पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलते. भारी श्रमानंतरची विश्रांतीही तेच करते. ज्यांना उपजत तसा दोष आहे, किंवा ज्यांची थायरॉइड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करीत आहे, त्यांच्या बाबतीत हे प्रमाण एकाएकी इतके घसरते की स्नायू चालेनासे होतात. थायरॉइडमुळे होणारा हा प्रकार आशियाई पुरुषांत, तोही विशीपासून चाळिशीपर्यंत, अधिक आढळतो. थायरॉइडचा विकार आटोक्यात आला की हे झटके थांबतात, ही त्यातील समाधानाची बाब.

येथे एक चूक सर्रास घडते. ‘अशक्तपणा आला’ असे समजून अशा रुग्णास ग्लुकोजची बाटली लावली जाते. ग्लुकोजने इन्सुलिन आणखी वाढते, उरलेसुरले पोटॅशियमही पेशींत शिरते आणि पायांवरचे संकट हृदयावर येते. यास्तव नातेवाइकांनी बाटलीचा आग्रह न धरता आधी रक्ततपासणी व कार्डिओग्राम यांचा आग्रह धरावा. अर्धांगवायूत बहुधा शरीराची एकच बाजू जाते, तोंड वाकडे होते, बोबडी वळते. या विकारात दोन्ही पाय सारखेच लुळे पडतात. खेड्यात मात्र आणखी एक शंका मनात ठेवावी लागते. जमिनीवर निजलेल्या माणसास रात्री मण्यार चावली तर पहाटे असाच लुळेपणा दिसतो. परंतु तेथे पापण्या मिटू लागतात व गिळणे कठीण होते. निदान कोणतेही असो, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णास मोठ्या रुग्णालयात हलविणे हाच मार्ग. बडोद्यात १९४९ साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. त्याच्याशी संलग्न असलेले सयाजीराव रुग्णालय परिसरातील गावांचा अशा वेळी मोठा आधार आहे.

असे नाट्यमय झटके तुलनेने विरळाच. नित्याची उणीव निर्माण होते ती जुलाब, उलट्या आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या यांमुळे. रक्तदाबासाठी वा पायावरील सुजेसाठी अशा गोळ्या घेणारे वृद्ध घरोघरी आहेत. घामावाटे पोटॅशियम फारसे जात नाही. पण उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर असताना जुलाब लागले आणि गोळी मात्र नेमाने चालूच राहिली, तर दोन-तीन दिवसांत पातळी खाली येते. मिठा-साखरेच्या घरगुती पाण्याने तहान भागते, परंतु त्यात पोटॅशियम नसते. जलसंजीवनीच्या पुडीत ते असते: एक लिटर पाण्यासाठीच्या प्रमाणित पुडीत १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. डिजॉक्सिन हे हृदयाचे जुने औषध घेणाऱ्यांनी तर विशेष दक्षता घ्यावी. पोटॅशियम कमी असताना त्याची नेहमीची मात्राही विषासारखी बाधते. दम्याची सालब्युटामॉलसारखी औषधेही पातळी तात्पुरती खाली आणतात.

घशासाठी ज्येष्ठमध चघळण्याची सवय अनेकांना असते. क्वचित एखादी कांडी चघळल्याने बिघडत नाही. परंतु महिनोन्‌महिने रोज काढा घेतल्यास त्यातील द्रव्य मूत्रपिंडांस पोटॅशियम बाहेर टाकण्यास भाग पाडते व रक्तदाबही वाढविते. ‘झाडपाल्याचे आहे, त्याने काय होणार’ हा समज येथे महागात पडतो. तद्वतच ऐन तारुण्यात रक्तदाब वाढलेला आणि पोटॅशियम घटलेले, असे दोन्ही एकत्र आढळल्यास मूत्रपिंडावरील ग्रंथीत गाठ आहे काय, हे पाहणे अगत्याचे असते. अमेरिकेतील डॉ. जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णन केलेला हा विकार अनेकदा शस्त्रक्रियेने बरा होतो. निदानच न झाल्याने माणसे वर्षानुवर्षे गोळ्या खात राहतात, हे खेदजनक आहे.

पोटॅशियम भरून निघत नसेल तर मॅग्नेशियमही तपासावे. ते कमी असेल तोवर पोटॅशियम कितीही दिले तरी लघवीवाटे निघून जाते. आम्लपित्ताच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत अशी उणीव दिसून आली आहे.

आहाराचा विचार करता निसर्गाने हात आखडता घेतलेला नाही. तूर, मूग, चवळी या डाळी-कडधान्यांत, पालक, बटाटा, रताळे, केळी आणि शहाळ्याचे पाणी यांत पोटॅशियम विपुल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये प्रौढांसाठी दररोज किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम आहारातून मिळावे, अशी शिफारस केली. मध्यम केळ्यात ते सुमारे ४०० मिलिग्रॅम असते. भाजी वा बटाटे उकडून पाणी फेकल्यास त्यातील बराच भाग वाया जातो. ते पाणी आमटीत घालावे. साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. उपवासाच्या दिवशी खिचडीऐवजी रताळे व राजगिरा पसंत करणे हे अशा रुग्णास अधिक हितकर. तथापि पातळी एकदा फार खाली गेली की केवळ केळी खाऊन ती भरून येत नाही. तेथे औषधच हवे. ते भरपूर पाण्यात मिसळून, जेवणानंतर आणि सांगितलेल्या मात्रेतच घ्यावे. शिरेतून द्यावयाचे पोटॅशियम तर अत्यंत सावकाश, पातळ करूनच देतात. ते एकदम टोचल्यास हृदय जागीच थांबते.

येथवर जे सांगितले ते मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या रुग्णास लागू नाही. त्याच्या शरीरात पोटॅशियम साठत जाते आणि त्याचा अतिरेकही हृदयास तितकाच घातक असतो. शहाळे, पोटॅशियमयुक्त ‘कमी सोडियमचे’ मीठ आणि काही रक्तदाबाच्या गोळ्या यांबाबत त्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. एकाच घरात आजोबांना केळे वर्ज्य आणि नातवाला आवश्यक, असेही घडू शकते.

दीर्घकाळ ही उणीव असलेल्या रुग्णाने एक लहान वही जवळ बाळगावी. तीत चालू औषधांची नावे, शेवटच्या तपासणीचा दिनांक व आकडा, आणि धडधड वा घेरी आली ती वेळ नोंदवावी. मनगटाजवळची नाडी एक मिनिट मोजण्याचे शिक्षकांनी शाळेत मुलांस शिकविल्यास घरातील वृद्धांचे काम सोपे होईल. केवळ गती नव्हे, तर ठोके समान अंतराने पडतात की मध्येच चुकतात हेही पाहावयाचे असते. धडधडीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी आली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. रक्त तपासावयास देताना दंडावर पट्टा फार वेळ घट्ट बांधू देऊ नये आणि मूठ पुनःपुन्हा आवळू नये; तसे केल्यास स्नायूंतील पोटॅशियम नमुन्यात उतरते आणि कमी असलेला आकडाही ठीक दिसू लागतो.