फुंकर मोजणारा तापमापक

बशीतल्या चहावर फुंकर घातली की चहा लवकर निवतो. आता उलट विचार करा. चहा किती वेळात निवला, यावरून फुंकर किती जोराची होती हे सांगता येईल का? येईल! आणि ही युक्ती खाणीत उपयोगी पडते.

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, चिखल्याची मात्र जमिनीखाली. भूमिगत खाणीत सुरुंग उडवल्यावर विषारी धूर साचतो, उकाडाही होतो. म्हणून हवा सतत खेळती ठेवावी लागते. पण ती शेवटच्या कोपऱ्यातल्या कामगारापर्यंत पोचते का? चक्र फिरवून वेग दाखवणारा वायुवेगमापक तेथे फसतो. झुळूक फार मंद असेल, तर घर्षणामुळे चक्र हलतच नाही.

अशा वेळी कामी येतो 'काटा' तापमापक. हा वजनाचा काटा नव्हे; ग्रीक भाषेत 'काटा' म्हणजे 'खाली'. इंग्रज शास्त्रज्ञ लिओनार्ड हिल यांनी त्याविषयीचे संशोधन १९१६ मध्ये प्रसिद्ध केले. मोठ्या फुग्याच्या या तापमापकात अल्कोहोल असते. फुगा गरम पाण्यात तापवून, पुसून हवेत धरतात आणि पारा नव्हे, अल्कोहोल ३८ अंशांवरून ३५ अंश सेल्सिअसवर उतरायला किती सेकंद लागले ते मोजतात. हवेचे तापमान ठाऊक असले, की त्यावरून वेग काढता येतो.

गंमत अशी की, वेग चौपट झाला तरी वाऱ्यामुळे होणारे जादा निवणे साधारण दुप्पटच होते. म्हणजे मोठा फरक पडतो तो पहिल्या मंद झुळकीनेच! विजेने तापवलेल्या बारीक तारेचा वेगमापकही याच तत्त्वावर चालतो. तार निवली की तिचा विद्युतरोध घटतो. त्याचे गणित एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्ये मांडले.

तुम्हीही करून पाहा. प्रयोगशाळेतला तापमापक गरम पाण्यात ५० अंशांपर्यंत तापवा, पुसा, आणि ४५ वरून ४० वर यायला लागणारा वेळ मोजा. आधी स्थिर हवेत, मग पंख्यापुढे. (ताप पाहण्याचा तापमापक चालणार नाही, त्यातला पारा आपोआप उतरत नाही, आणि तो फुटेलही.)

आता एक कोडे. मे महिन्यात भंडाऱ्यात पारा ४४ अंशांवर असताना, ३८ वरून ३५ वर उतरणारा काटा तापमापक उघड्यावर धरला तर काय होईल? तो निवणारच नाही! म्हणून अशा जागी ५४.५ ते ५१.५ अंशांचा वेगळा तापमापक वापरतात. कोरडी वस्तू निववायची, तर वारा तिच्यापेक्षा थंडच हवा.